पालेभाजी, दूध आणि बाळाचे जन्मवजन : पुण्या-मुंबईच्या अभ्यासांतून अंगणवाडीने काय घ्यावे?

प्रश्न : मुख्यसेविका, नाशिक जिल्हा

नमस्कार. मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका आहे. माझ्या बीटमधील, म्हणजे माझ्या देखरेखीखालील अंगणवाड्यांच्या, सेविकांसाठी गरोदर मातांच्या आहारावर एक प्रशिक्षण घ्यायचे आहे. त्यासाठी हाती आलेल्या टिपणात असे वाक्य आहे की, पालेभाज्या, दूध आणि फळे खाणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन वाढते, हे पुण्याच्या संशोधनाने सिद्ध झाले आहे. हेच वाक्य मी सेविकांना सांगितले, तर त्या ते गृहभेटीत घरोघरी सांगतील आणि एखाद्या मातेने मेथी-माठ रोज खाऊनही तिचे बाळ सव्वादोन किलोचे जन्मले, तर त्याचा जाब सेविकेलाच द्यावा लागेल. म्हणून "सिद्ध झाले" हा शब्द कितपत खरा आहे, हे मला आधी समजून घ्यायचे आहे.

दुसरी शंका धोरणाची आहे. पालेभाजी आणि दूध इतके महत्त्वाचे असेल, तर घरपोच आहाराची मोजणी आजवर उष्मांक आणि प्रथिनांतच का होत आली? गरोदर मातेसाठी ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने हे आकडे आम्हाला तोंडपाठ आहेत, मात्र त्या आकड्यांत हिरवी भाजी कुठेच दिसत नाही. आणि शेवटी, माझ्या बीटमध्ये अडतीस-चाळीस किलो वजनाच्या माता नेहमी आढळतात. त्यांना नेमके काय सांगावे?

उत्तर : सार्वजनिक आरोग्य विषयाच्या अध्यापिका, पुणे

ताई, आपली शंका रास्त आहे. टिपणातील वाक्य ज्या अभ्यासावर आधारले आहे, त्याने ते वाक्य त्या शब्दांत कधीच म्हटलेले नाही.

१९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. त्यात इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या संशोधकांचाही सहभाग होता. लग्न झालेल्या स्त्रियांची मोजमापे गर्भधारणेपूर्वीच घेऊन ठेवायची, दिवस राहिल्यावर अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात त्यांच्या आहाराची बारकाईने नोंद करायची आणि जन्मानंतर बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा व दंडाचा घेर, त्वचेखालील चरबी हे सारे मोजायचे, असा तो आराखडा होता. या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि त्या दिवसाकाठी साधारण १८०० उष्मांक व ४५ ग्रॅम प्रथिने घेत होत्या.

२००१ साली डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी यातील आहाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उष्मांक आणि प्रथिने यांचा बाळाच्या आकारमानाशी म्हणावा तसा संबंध आढळला नाही. अठराव्या आठवड्यातील दुधाचे आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातील पालेभाज्या व फळांचे सेवन यांचा मात्र स्पष्ट संबंध दिसला आणि पालेभाज्यांच्या बाबतीत तो चाळीस किलोंपेक्षा कमी वजनाच्या मातांमध्ये सर्वांत ठळक होता.

हा निरीक्षणात्मक अभ्यास होता. कोणी काय खावे, हे संशोधकांनी ठरवले नव्हते. ज्या घरात रोज पालेभाजी शिजते आणि ती सुनेच्या ताटापर्यंत पोहोचते, त्या घरात इतरही अनेक गोष्टी बऱ्या असू शकतात. आकडेशास्त्राने त्यांचा प्रभाव वजा करण्याचा प्रयत्न केला जातो, पण जे मोजलेच नाही ते वजा करता येत नाही. म्हणून पुढची पायरी प्रत्यक्ष प्रयोगाची होती आणि तो मुंबईत झाला.

मुंबईतील वस्त्यांमध्ये वांद्र्याच्या एका संशोधन केंद्राने डॉ. रमेश पोतदार यांच्या पुढाकाराने ६,५१३ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, दोन गटांत विभागणी केली. एका गटाला रोज पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ मिळे, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. हा खाऊ गर्भधारणेच्या किमान नव्वद दिवस आधीपासून प्रसूतीपर्यंत द्यायचा, असे ठरले होते. २०१४ साली निष्कर्ष आले. सर्व मातांचा एकत्रित विचार करता पहिल्या गटातील बाळांचे वजन सरासरी २६ ग्रॅम अधिक होते, पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. ज्यांनी खाऊ गर्भधारणेच्या तीन महिने आधीच सुरू केला होता, त्यांच्या बाळांत ४८ ग्रॅमचा फरक दिसला आणि तोही निसटता. सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, अतिकृश मातांच्या बाळांना वजनाचा काहीही लाभ झाला नाही, तर चांगल्या बांध्याच्या मातांच्या बाळांना अधिक झाला. पुण्याच्या निरीक्षणात कृश मातांमध्ये जो संबंध ठळक दिसला होता, त्याच्या हे थेट उलट आहे.

एक निष्कर्ष मात्र फारसा कोणी सांगत नाही आणि तो मला जन्मवजनाइतकाच मोलाचा वाटतो. पालेभाजी-दुधाच्या गटात गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण ७.३ टक्के होते, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के. जन्मवजनाच्या आकड्यावर सगळ्यांची नजर खिळल्यामुळे हा लाभ झाकोळला गेला. याज्ञिकांच्या गटाने २००३ साली दाखवले होते की, पुण्याचे बाळ सरासरी २.७ किलोचे आणि साउदम्प्टनचे ३.५ किलोचे असले, तरी पुण्याच्या बाळाच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून असते आणि कमी पडतात ते स्नायू. अशा बाळाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक, ही साखळी लक्षात घेतली तर आईची साखर आटोक्यात राहणे ही पुढच्या पिढीचीही कमाई आहे.

तेव्हा टिपणातील वाक्य असे करावे : पालेभाजी, दूध आणि फळे रोजच्या जेवणात असणे आई आणि बाळ दोघांच्याही हिताचे आहे आणि ती सवय गर्भ राहण्याआधीपासून असेल तर अधिक उपयोगी पडते. वजनाची हमी देऊ नये.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, अर्थशास्त्र

आपल्या दुसऱ्या शंकेचे मूळ जुने आहे आणि योगायोगाने तेही बरेचसे पुण्यातच सापडते.

१९५० आणि ६०च्या दशकांत जगभर असा समज प्रबळ होता की गरीब देशांची मुख्य उणीव प्रथिनांची आहे. त्यावर उपाय म्हणून प्रथिनांची पूड, खास पिठे आणि बिस्किटे यांवर मोठा खर्च झाला. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राची धुरा वाहिलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या समजाला आकडेवारीने आव्हान दिले. पोटभर अन्नच मिळत नसेल, तर खाल्लेली प्रथिनेही शरीर इंधन म्हणून जाळते, म्हणून आधी उष्मांकांची तूट भरा, असे त्यांचे म्हणणे होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांचे कामही याच दिशेने गेले. त्याच सुमारास, १९७१ साली, गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याची मोजणी करताना दरडोई २,२५० उष्मांक ही कसोटी धरली. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, ती या वैचारिक वातावरणात. उष्मांक हे त्या काळाचे सर्वांत पुढारलेले उत्तर होते आणि त्याने प्रथिनांच्या भुकट्यांमागची धावपळ थांबवली, हे आजच्या पिढीने विसरू नये.

अडचण नंतरची आहे. एकदा निकष कागदावर आला, की निविदा, तपासणी, देयके आणि लेखापरीक्षण सारे त्याच निकषाभोवती उभे राहते. कोरड्या पाकिटातील उष्मांक प्रयोगशाळेत मोजता येतात आणि पाकीट महिनोन्महिने टिकते. मेथीची जुडी मात्र दुपारपर्यंत सुकते, तिचा भाव आठवड्याला बदलतो आणि ती तीस अंगणवाड्यांसाठी एका ठिकाणी खरेदी करता येत नाही. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत उष्मांक-प्रथिनांचे तेच आकडे आले. जानेवारी २०२३ मध्ये ही अनुसूची बदलून सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि आहारातील वैविध्य यांचा समावेश झाला, हे स्वागतार्ह आहे. मात्र गरोदर मातेसाठी २०१७ साली ठरलेला दर दिवसाला ९ रुपये ५० पैसे होता. त्या पैशांत दूध, फळ आणि भाजी कशी बसवायची, याचे उत्तर नुसत्या अनुसूचीत मिळत नाही. निकष बदलला आणि दर बदलला नाही, तर पुरवठादार त्याच पाकिटात जीवनसत्त्वांची भुकटी मिसळेल आणि नियमाप्रमाणे ते बरोबरही ठरेल. पुण्या-मुंबईचे अभ्यास मात्र खऱ्याखुऱ्या अन्नाविषयी आहेत.

याला अपवाद म्हणून महाराष्ट्राच्या आदिवासी क्षेत्रात २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेकडे पाहावे. तिथे गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीतच भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी आणि अंडे असे एक वेळचे गरम जेवण देण्याची कल्पना होती. योजना सुरू झाली तेव्हा हे जेवण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून देण्याचे ठरले होते. मुंबईच्या प्रयोगाने गर्भधारणेपूर्वीच्या तीन महिन्यांचे महत्त्व दाखवले होते आणि आपले सर्वांत चांगले जेवण सुरू होत होते ते गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात. संशोधन आणि धोरण यांतील अंतर मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते. नवविवाहित मुलगी आपल्या यादीत येते ती दिवस राहून नोंदणी झाल्यावर आणि तोवर हा काळ निघून गेलेला असतो.

उत्तर : वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय

प्राध्यापकांचे विवेचन मान्य करूनही एका मुद्द्यावर मला भर द्यायचा आहे. उष्मांकांचा प्रश्न मिटला, असा अर्थ वरील चर्चेतून निघू नये. मुंबईच्या प्रयोगात अतिकृश मातांच्या बाळांना लाभ का झाला नाही, याचे माझ्या मते सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण असे की, मिळालेले पोषण त्या स्त्रीच्या स्वतःच्या शरीराने आधी वापरले. अडतीस किलोच्या मातेला फक्त "पालेभाजी खा" असे सांगणे अपुरे आहे. तिला आधी जेवणाची एक वेळ वाढवून हवी आहे. भाकरी, डाळ, तेल, शेंगदाणे पोटभर आणि त्यासोबत भाजी, दूध, अंडे, असाच क्रम असावा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील २०.८ टक्के स्त्रिया कृश आहेत, २३.४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आहे आणि ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. एकाच तालुक्यात तीनही प्रकारच्या स्त्रिया भेटतात, म्हणून सेविकेने सल्ला देण्याआधी वजन आणि उंची पाहणे अत्यावश्यक आहे.

दुसरा मुद्दा ब१२ जीवनसत्त्वाचा. पुण्याच्या त्याच गावांतील सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब१२ची कमतरता आढळली होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या मातांमध्ये ब१२ कमी आणि फोलेट (गोळीतील फोलिक ॲसिड हे याच जीवनसत्त्वाचे रूप) जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी शरीराची अवस्था, सर्वाधिक होता. पालेभाजीत फोलेट भरपूर असते, पण ब१२ नसते. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळते. म्हणून आपल्या टिपणात "पालेभाजी किंवा दूध" असे लिहिले जाऊ नये, कारण एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

यावरून फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करण्याचा विचार मात्र कोणी मनातही आणू नये. बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष या गोळीने टळतात, हे १९९१ सालच्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रयोगाने निर्विवाद दाखवले आहे. माझा आग्रह एवढाच की, शाकाहारी आणि दूधही न परवडणाऱ्या मातेची नोंद सेविकेने वेगळी ठेवावी आणि तिला तपासणीसाठी आमच्याकडे आवर्जून पाठवावे. लोह-फोलिक ॲसिडच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर ब१२ची शंका घेणे हे आमचे काम आहे आणि त्यासाठी आम्हाला ती नोंद लागते.

प्रश्नकर्त्या मुख्यसेविका

आपण तिघांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. वजन-उंची पाहून सल्ला वेगळा करायचा, ही गोष्ट मी प्रशिक्षणात पहिल्यांदा घेईन. नवविवाहितांची यादी आशाताईंच्या सर्वेक्षण वहीत असतेच, तेव्हा ती दर महिन्याला मिळवून नोंदणीआधीच गृहभेट सुरू करता येईल. त्यासाठी वेगळ्या आदेशाची गरज नाही.

एक प्रश्न उरतो. आमच्याकडे माघानंतर पाणी दूर जाते आणि गरोदर स्त्रियाही हंडे वाहतात. जेवण वाढवूनही कष्ट तेवढेच राहिले, तर फरक पडेल का? यावर कोणी अभ्यास केला आहे का?

उत्तर : सार्वजनिक आरोग्य विषयाच्या अध्यापिका, पुणे

केला आहे आणि तोही त्याच सहा गावांत. २००३ साली डॉ. शोभा राव यांच्याच गटाने मातांच्या कष्टांची मोजणी करून दाखवले की, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आणि मधल्या काळात ज्यांच्यावर घरकाम, शेतकाम आणि पाणी भरण्याचा भार अधिक होता, त्यांच्या बाळांचे वजन, डोक्याचा घेर आणि दंडाचा घेर कमी होते. हेही निरीक्षणच आहे, त्यामुळे वर सांगितलेली मर्यादा इथेही लागू आहे. तरीही हंडा उचलू न देण्याने कोणाचे नुकसान होण्याचा संभव नाही, म्हणून प्रयोगाची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही.

पोषणाच्या धोरणात हा निष्कर्ष जवळजवळ कुठेच आला नाही, याची मला खंत वाटते. गावचा पाणीपुरवठा एका खात्याकडे आणि गरोदर मातेचा आहार दुसऱ्या खात्याकडे असल्याने दोहोंचा संबंध कागदावर जुळतच नाही. ग्राम आरोग्य व पोषण दिनाला सरपंच आणि ग्रामसेवक येत असतील, तर ज्या घरांत गरोदर स्त्री आहे त्या घरांना उन्हाळ्यात टँकरचे पाणी दाराशी आधी मिळावे, असा ठराव ग्रामसभेत मांडण्याची विनंती त्यांना करता येईल. गृहभेटीतही "काय खाल्ले?" यासोबत "आज पाणी कोणी भरले?" हा प्रश्न सेविकेने सासूच्या आणि नवऱ्याच्या समोर विचारावा. ताटात काय वाढायचे आणि हंडा कोणी उचलायचा, हे दोन्ही निर्णय त्याच घरात होतात.