नक्षीआधी रबर तपासा
नायलॉन टायरची खोल नक्षी बर्फात पुरते, असं बरेचजण म्हणतात; ते ताज्या, भुसभुशीत बर्फापुरतं खरं. रात्रीत गोठून काचेसारख्या झालेल्या रस्त्यावर रबर जास्त महत्त्वाचं. साधं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होत जातं, आणि जुनं झालेलं तर आधीच कडक असतं.

मनालीला निघण्याआधी घोडबंदर रोडच्या टायरवाल्याने मला टायरवर नख दाबायला लावलं; रुतेचना. बाजूला आकडे होते २३१४, म्हणजे २०१४ चा २३वा आठवडा. नक्षी मात्र छान शाबूत! टायर बदलले, तरी मनालीपुढच्या सिस्सू गावाजवळ चाकांवर चढवायच्या बर्फाच्या साखळ्या लागल्याच. मी त्या मागच्या चाकांना लावल्या होत्या. तिथल्या एका ड्रायव्हरने काढून पुढे चढवल्या, तेव्हा गाडी हलली. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना मिळते.