घरी येणाऱ्या सिस्टरचं रजिस्ट्रेशन

सावंत, बी ३०२: नमस्कार मंडळी, बाबांना परवा डिस्चार्ज आहे, नाकात नळी आणि लघवीसाठी कॅथेटर आहे, २४ तासांची सिस्टर लागेल, चांगल्या नर्सिंग ब्युरोचा नंबर असेल तर पाठवा प्लीज

कदम काकू, ए १०४: सासूबाईंना होती ती मुलगी फार प्रेमळ होती रे, नंबर पर्सनलवर टाकते

शिंदेताई, सी ५०१: नंबर घ्या पण ब्युरोला आधी विचारा की येणारी मुलगी जीएनएम (जनरल नर्स) आहे, एएनएम (सहाय्यक नर्स) आहे की अटेंडंट. पांढरा ड्रेस घातला की सगळ्यांना आपण सिस्टर म्हणतो. जीएनएम ३ वर्षांचा कोर्स, एएनएम २ वर्षांचा, पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आणि ती दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते. अटेंडंटची तिथे नोंदणी नसते

पाटील, ए ६०३: ताई बरोबर आहे पण माणसंच मिळत नाहीत, त्यात सर्टिफिकेट मागितलं तर आहे तीही येणार नाही

शिंदेताई, सी ५०१: पाटीलभाऊ, अटेंडंट मावशी ठेवा ना, अंघोळ, डायपर, कूस बदलणं, ह्या कामात कित्येक मावश्या आम्हा सिस्टरांपेक्षा हुशार असतात. पण मग ब्युरोने दर मावशीचा लावावा, नर्सचा नाही, आणि इंजेक्शन, सलाईन, कॅथेटर बदलणं तिच्यावर टाकू नये. मी ३० वर्षं सरकारी हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळलाय. मागे एका नातेवाईकांकडे गेले तर आजोबांना सपाट झोपवून नळीतून दूध चाललेलं, नळी जागेवर आहे का बघितलेलंच नाही, आजोबा खोकतायत आणि ती पोरगी सिरिंज दाबतेय. तिला कोणी शिकवलंच नव्हतं हो, तिचा काय दोष, सिस्टर म्हणून पैसे घेऊन पाठवणाऱ्याचा दोष

कदम काकू, ए १०४: बाई गं 😟 आमच्याकडे इन्सुलिन तीच द्यायची, आम्ही कधी विचारलंच नाही

देशमुख, सी २०२: फिजिओचं पण असंच असतं का?

शिंदेताई, सी ५०१: हो, त्यांची ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) कौन्सिल वेगळी. मालीशवाले पण फिजिओ म्हणवून घेतात, विचारत जा

पाटील, ए ६०३: आत्ता आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं नाव मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून बघितलं, सापडत नाही!!

शिंदेताई, सी ५०१: अहो ते बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे डॉक्टर आहेत, त्यांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीवाल्यांची आणखी तिसरीकडे. एका ठिकाणी नाव नाही म्हणून लगेच बोगस म्हणू नका, चांगल्या माणसाची बदनामी होते. त्यांच्या चिठ्ठीवर नंबर छापलेला असेल तो बघा. एमबीबीएसवाल्यांना तर तो दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठीवर, पावतीवर छापायचा असा २००२ पासून नियमच आहे

पाटील, ए ६०३: बघितलं, चिठ्ठीवर आहे नंबर. सॉरी

सावंत, बी ३०२: ब्युरोला फोन केला. आधी म्हणाले सगळ्या ट्रेनिंग घेतलेल्या आहेत, कौन्सिलचं सर्टिफिकेट व्हॉट्सॲप करा म्हटल्यावर म्हणाले तशी हवी असेल तर उद्या सांगतो, रेट वेगळा पडेल. ताई तोपर्यंत काय करू?

शिंदेताई, सी ५०१: उद्या तुम्ही दोघं वॉर्डमधल्या सिस्टरकडून नळीतून फीड द्यायला शिका, बघू नका, त्यांच्यासमोर स्वतः देऊन बघा. डोक्याकडची बाजू किती वर ठेवायची, फीडनंतर किती वेळ तसंच बसवायचं, सगळं विचारून घ्या. नळी आणि कॅथेटर बदलायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. बाबा घरी आले की पहिल्या फीडला मला हाक मारा, मी येते