जिन्याचा दिवा चारपैकी एकाच स्थितीत लागतो: टू-वे बटण बदलताना काय चुकले असावे?

नमस्कार. इंदूरच्या रामबागेत आमचे जुने दुमजली घर आहे. जिन्यात एकच दिवा असून तो खालच्या व वरच्या अशा दोन्ही बोर्डांवरून लावता-विझवता येतो. म्हणजे गेल्या रविवारपर्यंत येत होता. वरचे बटण दाबताना चर्र असा आवाज येऊ लागला होता आणि थोडा वेळ दिवा चालू राहिला की बटण कोमट लागत होते, म्हणून महाराणी रोडवरून नवे टू-वे बटण आणून, मेन स्विच बंद करून, ते मी स्वतःच बसवले. जुने बटण काळ्या बेकेलाइटचे होते. उघडले तेव्हा आतली पितळी पट्टी एका टोकाला जळून काळी पडलेली दिसली, आणि एका स्क्रूभोवतीचे बेकेलाइट नखाने टोकरले तरी भुगा पडत होता.

बटणाला तीन तारा होत्या आणि तिन्ही लाल. कोणती तार कुठे होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला आणि नव्या बटणात वरची वर, मधली मध्ये, खालची खाली अशा त्याच क्रमाने त्या कसल्या. स्क्रू घट्ट आहेत, तारा ओढून पाहिल्या आहेत. तरीही आता विचित्र प्रकार होतो. वरचे बटण खालच्या कडेने दाबलेले असेल, तर खालच्या बोर्डावरून दिवा व्यवस्थित लागतो आणि विझतो. परंतु वरचे बटण दुसऱ्या बाजूला केले, की खालचे बटण कसेही फिरवा, अंधारच. दोन बटणांच्या मिळून चार स्थिती होतात, त्यांपैकी एकाच स्थितीत दिवा लागतो. पूर्वी दोन स्थितींत लागत असे. एमसीबी (शॉर्ट झाल्यास आपोआप बंद पडणारा स्विच) एकदाही पडला नाही आणि काही गरमही होत नाही.

आई खाली झोपते आणि पहाटे चार वाजता वर देवघरात जाते, त्यामुळे हा दिवा आमच्याकडे हौसेचा नाही. नेहमीचे वायरमन गावाला गेले आहेत. दुसऱ्या एकाने बोर्ड न उघडताच सारे वायरिंग नव्याने करावे लागेल असे सांगितले, ते मला पटले नाही. माझी चूक नेमकी कोणती, आणि तीन लाल तारांतून योग्य तार कशी ओळखावी, हे कृपया सांगावे. आणखी एक शंका आहे: जिन्यातला एलईडी बल्ब बंद केल्यावरही रात्री अगदी मंद उजळत राहतो. मात्र हे बटण बदलण्याच्या आधीपासून आहे.

प्रतिसाद:

ताई, नव्या बटणाच्या मागे टोकांजवळ काही अक्षर कोरलेले आहे का, ते आधी पाहा. टू-वे बटणाच्या तीन टोकांपैकी एक कॉमन असते, म्हणजे बटण फिरवले की ते बाकीच्या दोहोंपैकी कधी एकाशी, कधी दुसऱ्याशी जोडले जाते, आणि ते प्रत्येक बनावटीत एकाच जागी असते असे नाही. जागा जुळवून तारा लावणे साध्या बटणाला चालते, येथे नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर:

मधल्या टोकाजवळ ‘सी’ हे इंग्रजी अक्षर बारीक कोरलेले आहे. जुन्या बटणावर काहीच नव्हते, किंवा असले तरी काजळीखाली गेले असावे.

प्रतिसाद:

मग चूक तिथेच आहे. जिन्याच्या वायरिंगमध्ये साधारणपणे फेज (वीज आणणारी तार) एका बटणाच्या कॉमनला येते, तिथून दोन तारा दुसऱ्या बटणाकडे जातात, आणि दुसऱ्या बटणाच्या कॉमनवरून एक तार दिव्याला जाते; न्यूट्रल (परतीची तार) दिव्याला थेट मिळते. दोन बटणांना जोडणाऱ्या या दोन तारांची आपसात अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही. पण त्यांपैकी एक कॉमनवर गेली आणि दिव्याची तार बाजूच्या टोकावर आली, तर वरचे बटण एका स्थितीत दिवा जोडते आणि दुसऱ्या स्थितीत त्या दोन तारा नुसत्याच एकमेकींना जोडून ठेवते. त्या दोहोंपैकी एका वेळी एकाच तारेत फेज असल्यामुळे शॉर्ट होत नाही आणि एमसीबी पडत नाही. आपले चारपैकी एक हे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

एमसीबी न पडणे ही गोष्ट चांगली आहे. काही जुन्या घरांत प्रत्येक बटणाला फेज आणि न्यूट्रल दोन्ही देण्याची घातक पद्धत असे. तसे वायरिंग असते, तर याच चुकीने पहिल्याच खटक्याला ठिणगी पडली असती.

आता तार ओळखण्याविषयी. आपण चालू तारांना हात लावण्याची गरज नाही. मधल्या टोकावरची तार दिव्याची नाही, हे सिद्धच झाले आहे. कारण ती असती तर सगळे नीट चालले असते. ज्या स्थितीत दिवा लागतो, त्या स्थितीत बटण मधल्या टोकाला बाजूच्या ज्या टोकाशी जोडते, त्याच टोकावरची तार दिव्याची. ते टोक कोणते, हे बटण सुटे करून मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर (दोन टोके आतून जोडलेली आहेत का हे दाखवणाऱ्या सेटिंगवर) पाहावे. मग ती तार मध्ये आणावी आणि मधली तिच्या जागी. मेन बंद करूनच काम करावे, बंद केल्यावरही टेस्टर लावून खात्री करावी, आणि तो टेस्टर चालू सॉकेटवर आधी व नंतर तपासून घ्यावा. आतला निऑन दिवा मेलेला टेस्टर सगळ्याच तारांना सुरक्षित ठरवतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर:

काम झाले, परंतु दुसऱ्या प्रयत्नात. घरी मल्टिमीटर नव्हता, म्हणून मी असे गृहीत धरले की बटण खालच्या कडेने दाबल्यावर मधले टोक खालच्या टोकाशी जोडले जात असेल, आणि मधली व खालची तार बदलली. दिवा पुन्हा एकाच स्थितीत लागला, मात्र आता खालच्या बोर्डाचे बटण उलट बाजूला असताना. तेव्हा लक्षात आले, की आतली पट्टी तराजूच्या दांडीसारखी आहे: खाली दाबले की ती वरच्या टोकाला टेकते. मेन पुन्हा बंद केला, वरची तार मध्ये आणली, आणि दोन्ही बटणे चारही प्रकारे फिरवून पाहिली. आई खालून मोजत होती. दोनदा उजेड, दोनदा अंधार. आता राहिला मंद उजेडाचा प्रश्न.

प्रतिसाद:

त्याची कारणे दोन असू शकतात आणि त्यांतले एक गंभीर आहे. पहिले म्हणजे, जिन्याच्या दोन तारा लांबवर शेजारून जातात. २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यात एका तारेतून दुसरीत अगदी थोडा विद्युतप्रवाह धारकतेमुळे झिरपतो आणि एलईडीला मंद उजळायला तेवढाही पुरतो. यात धोका नाही. दुसऱ्या बनावटीचा बल्ब लावला की बहुधा प्रश्न सुटतो. दुसरे कारण म्हणजे बटण फेजवर नसून न्यूट्रलवर असणे. तसे असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज राहते, आणि बल्ब बदलणाऱ्याचा हात तिला लागू शकतो. वायरमन परतले की त्यांच्याकडून बल्ब काढून, खालच्या बटणाच्या कॉमनवर टेस्टर लावून घ्यावा. दिवा नसतानाही तिथे टेस्टर ठळक पेटला, तर फेज बटणातून जाते आहे आणि चिंता नाही. तोवर बल्ब बदलायचा झाल्यास मेन बंद केल्याशिवाय बदलू नये. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विद्युतप्रवाह गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर तोही याच फेरीत बसवून घ्यावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर:

वायरमन काल आले. बल्ब काढून टेस्टर लावला आणि तो ठळक पेटला, म्हणजे फेज बटणातच आहे. त्यांनी स्वतःकडचा दुसरा एलईडी लावून दाखवला, तो बंद केल्यावर पूर्ण विझतो. आरसीसीबी आमच्याकडे नाही. ते काम पुढच्या आठवड्यात ठरले आहे. दिव्याच्या तारेला मी दोन्ही बोर्डांत पिवळी टेप गुंडाळायला निघाले होते, तेव्हा त्यांनी सांगितले की खालच्या बोर्डात दिव्याची तार नाहीच, तिथल्या कॉमनवर फेज आहे. म्हणून पिवळी टेप फक्त वर लावली आणि खाली कॉमनवर कागदाची चिठ्ठी चिकटवली.