मदत हवी आहे: डोळे तपासणी शिबिर, तक्ता किती फुटांवर?

बंड्या_मंडळवाला: रविवारी आमच्या मंडळाचं शिबिर आहे. शाळेची खोली मिळाली, पण लहान आहे. लोकांना दहा फुटांवर उभं केलं तर चालेल का? पटकन सांगा, पत्रकं वाटून झालीत.

मोगरा: तक्ता कोणता? मुलं की मोठे? तपासणार कोण?

बंड्या_मंडळवाला: नेहमीचा असतो तो. सगळेच येणार. अंतर सांगा ना.

जुना_मास्तर: तक्ता ६ मीटरवरून वाचायचा असेल तर वीस फूटच. दहावर उभं केलंत तर ६/१२ वालं, म्हणजे कमी दिसणारं पोरगं ६/६, म्हणजे नजर चांगली म्हणून सुटेल. व्हरांड्यात घ्या. आणि रांगेतल्यांना तक्ता दिसू देऊ नका, पोरं पाठ करतात! डोळा तळव्यानं झाकायचा, बोटांच्या फटीतून बघतात लबाड.

तेजोमय: चष्म्यानं डोळे आळशी होतात. रोज त्राटक आणि गाजर. माझा नंबर गेला.

मोगरा: उलटं आहे. एकाच डोळ्याला मोठा नंबर असून लहानपणी चष्मा मिळाला नाही, तर तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर जास्त फायदा.

तेजोमय: पूर्वी कुठे होते चष्मे?

जुना_मास्तर: पूर्वी पोरं मागच्या बाकावर बसून 'ढ' ठरायची.

सोलापुरी_चादर: वडिलांचा मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा का?

जुना_मास्तर: पिकायची वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. बाकी नवीन धागा काढा.

बंड्या_मंडळवाला: तक्त्याच्या कोपऱ्यात ३ मीटर छापलंय.

जुना_मास्तर: अहो, मग दहा फूट बरोबरच की! एवढं रामायण कशाला?

मोगरा: मोठ्यांचं राहिलंच. चाळिशीसाठी जवळचं वाचायला द्या. पण काचबिंदू किंवा मधुमेहानं पडद्यावर झालेला परिणाम सुरुवातीला तक्त्यावर कळत नाही, त्यामुळे कुणालाही 'डोळे उत्तम' लिहून देऊ नका. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना आजच गाठा. शाळेतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही करतं. २०१३ मध्ये तो आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. संशयित मुलांची यादी त्यांना द्या.

बंड्या_मंडळवाला: एक चष्मेवाला जागेवरच नंबर काढून चष्मे देतो म्हणतोय. मुलांनाही.

मोगरा: मुलांना नको. त्यांचा नंबर डॉक्टर थेंब घालून काढतात, नाहीतर नसलेला नंबर निघू शकतो.