मदत हवी आहे: भार तोच असताना नाडी वाढत का जाते?

नमस्कार. मी रोज स्थिर सायकलवर पन्नास मिनिटे व्यायाम करतो. भार 120 वॉटवर ठरलेला असतो आणि पायांची गतीही मी बदलत नाही. तरीही दहाव्या मिनिटाला 132 असलेली नाडी शेवटी 151 पर्यंत चढते, आणि धाप मात्र त्या मानाने वाढलेली नसते. परवा पंखा समोर ठेवून तेवढाच व्यायाम केला, तर आकडा 140 च्या पुढे गेला नाही. एरवी हनुवटीवरून हँडलवर टपटप पडणारा घामही त्या दिवशी कपाळावरच वाळत होता.

स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो आणि बाकीची उष्णता होते, ती बाहेर टाकण्यासाठी मेंदूतला हायपोथॅलॅमस त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतो आणि घाम आणतो, इथपर्यंत मला समजले आहे. पुढचे उलगडत नाही. त्वचेकडे रक्त वळल्यामुळे हृदयाकडे कमी रक्त परतते म्हणून ठोके वाढतात, की तापलेले हृदयच आपणहून जलद चालते? आणि व्यायाम किती जोराचा झाला हे नाडीवरून ठरवावे की वॉटवरून? मला कोणतेही औषध चालू नाही आणि वैद्यकीय तपासणीत काही दोष आढळलेला नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद:

आपण पाहिले त्याला कार्डिओव्हॅस्क्युलर ड्रिफ्ट म्हणतात. हृदय मिनिटाला जितके रक्त पुढे ढकलते ते म्हणजे ठोक्यांची संख्या गुणिले एका ठोक्यातले रक्त. व्यायाम लांबला की हा दुसरा आकडा हळूहळू घटतो आणि पहिला वाढून ती तूट भरून काढतो. याचे जुने स्पष्टीकरण आपण दिलेले पहिलेच आहे, आणि त्यात घामावाटे रक्तद्रव कमी होण्याचीही भर पडते. मात्र बीटा-ब्लॉकर या ठोके मंदावणाऱ्या औषधाची अल्प मात्रा देऊन ठोके वाढू दिले नाहीत, तेव्हा एका ठोक्यातले रक्तही फारसे घटले नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे उष्णतेमुळे हृदयाची लय ठरवणारा सायनस नोड जलद चालतो, दोन ठोक्यांमधला वेळ आखडतो आणि हृदय पुरते भरण्याआधीच आकुंचन पावते. माझ्या मते आपल्या दोन्ही शंका खऱ्या आहेत आणि एकीला वगळून दुसरी सांगणे चुकीचे ठरेल.

पंख्याचा परिणाम यातूनच समजतो. एक लिटर घाम त्वचेवर वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण जो थेंब हँडलवर पडला त्याने शरीर जवळजवळ थंड होत नाही, पाणी मात्र जाते.

उकाड्यात मी तरी नाडीवरच विश्वास ठेवीन. शरीर तापते तशी प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमताही उतरते, त्यामुळे तेच 120 वॉट पन्नासाव्या मिनिटाला आपल्या क्षमतेचा मोठा वाटा खातात. नाडी वर जाऊ लागली की भार थोडा कमी करावा. चक्कर, मळमळ किंवा छातीत दुखणे जाणवले तर लगेच थांबावे. पंख्याविना करताना आधी व नंतर कोरड्या अंगाने वजन करून पाहा, मधे प्यालेले पाणी त्या फरकात मिळवा आणि आकडे इथे कळवा. घामाने किती पाणी गेले ते कळले, तर त्यातला किती भाग पाणी पिऊन टाळता येईल यावर नेमके बोलता येईल.