पेनड्राइव्हवर जतन केलेल्या मराठी पानांतील दुवे उघडत नाहीत

प्रश्न

नमस्कार. मी एका डोंगराळ गावातील माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत इंटरनेट जवळजवळ नसल्यामुळे शेतीविषयक मराठी लेखांचे एक संकेतस्थळ, चालकांची परवानगी घेऊन, मी घरच्या लिनक्स संगणकावर डब्ल्यूगेट या संकेतस्थळे उतरवून घेणाऱ्या आज्ञावलीने उतरवून घेतले आणि पेनड्राइव्हवरून शाळेतील विंडोज संगणकांवर ठेवले. मुखपृष्ठ व्यवस्थित उघडते. मात्र काही दुव्यांवर ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश येतो, काही दुवे थेट मूळ संकेतस्थळाकडे जाऊ पाहतात, आणि ज्या लेखांची नावे मराठीत आहेत त्यांपैकी बरेच मुळीच उघडत नाहीत. बऱ्याच चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. नोटपॅडमध्ये पाने उघडून सुमारे चाळीस दुवे मी हाताने दुरुस्त केले, पण अशी तीनशेहून अधिक पाने आहेत. नेमके कोठे चुकले असावे?

पहिले उत्तर

मॅडम, हाताने दुरुस्ती कृपया थांबवावी, कारण आपण सांगितलेल्या तक्रारींचे मूळ एकच नाही. न चालणाऱ्या दुव्यावर माउस नेऊन ब्राउझरच्या खालच्या कोपऱ्यात दिसणारा पत्ता आधी वाचावा. तो ‘फाइल’ने सुरू होऊन ड्राइव्हच्या अक्षरानंतर लगेच लेखाच्या फोल्डरचे नाव दाखवत असेल, तर मूळ पानातील दुवा तिरप्या रेघेने सुरू होतो असे समजावे. संकेतस्थळावर त्या रेघेचा अर्थ ‘या संकेतस्थळाच्या मुळापासून’ असा असतो. तेच पान डिस्कवरून उघडले की तिचा अर्थ ‘या ड्राइव्हच्या मुळापासून’ असा होतो आणि तेथे अर्थातच काही सापडत नाही. पत्ता पूर्ण, म्हणजे एचटीटीपीएसने सुरू होणारा दिसत असेल, तर एक तर ते पान उतरलेच नाही किंवा दुव्यांचे रूपांतर झालेले नाही. पानाच्या शीर्षभागात बेस टॅग (दुवे कोणत्या पत्त्यापासून मोजायचे हे सांगणारी खूण) असल्यासही साधे सापेक्ष, म्हणजे पूर्ण पत्ता नसलेले दुवे बाहेर धाव घेतात, म्हणून तोही पाहावा.

आपण डब्ल्यूगेटला कन्व्हर्ट-लिंक्स हा दुवे स्थानिक फाइलींकडे वळवणारा पर्याय दिला होता का, आणि काम मध्येच थांबवले होते का? डब्ल्यूगेट दुवे बदलण्याचे काम सर्व पाने उतरल्यानंतर, अगदी शेवटी करतो, कारण कोणते पान आपल्याकडे आले आणि कोणते नाही हे त्याला तेव्हाच कळते. मध्येच कंट्रोल-सी दाबले, तर फाइली राहतात पण दुवे जसेच्या तसे राहतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

पर्याय दिला होता, परंतु दिवसाचा डेटा संपत आल्यामुळे मी कंट्रोल-सी दाबूनच काम थांबवले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवताना नो-क्लॉबर (आधी आलेल्या फाइली पुन्हा न उतरवण्याचा पर्याय) हाही दिला, तेव्हा दोन्ही पर्याय एकत्र चालत नाहीत अशी सूचना आली. मग तो काढून, केवळ लेखांचा विभाग मर्यादित करून, काम शेवटपर्यंत होऊ दिले. आता तिरप्या रेघेची आणि बाहेर जाणाऱ्या दुव्यांची अडचण संपली आहे. मराठी नावांची मात्र कायम आहे: फोल्डरमध्ये ती अर्धी अक्षरांत आणि अर्धी टक्क्याच्या चिन्हांत दिसतात, आणि काही फाइली तर पेनड्राइव्हवर गेल्याच नाहीत.

दुसरे उत्तर

हा प्रकार मराठी, हिंदी, नेपाळी अशा देवनागरी नावांच्या बाबतीत नेहमी घडतो आणि त्याचे कारण अगदी ठरलेले आहे. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. डब्ल्यूगेट मुळात लॅटिन लिपीचा विचार करून १२८ ते १५९ या क्रमांकांच्या बाइटांना नियंत्रणचिन्हे मानतो आणि फाइलीच्या नावात त्यांच्या जागी टक्क्याचे चिन्ह व दोन अंक लिहितो. ‘क’चा शेवटचा बाइट १४९ आहे, म्हणून ‘क’ फुटतो. ‘त’चा १६४ आहे, म्हणून ‘त’ शाबूत राहतो. ‘शेतकरी’ या शब्दात श, त आणि र टिकतात, तर एकाराची मात्रा, क आणि दीर्घ ईकार मोडतात. अशा अर्धवट नावाला वैध यूटीएफ-८ म्हणता येत नाही, आणि म्हणूनच पेनड्राइव्हवर नक्कल करताना ते नाकारले जाऊ शकते.

उपाय असा की फाइलींच्या नावांत कोणती चिन्हे बदलायची हे ठरवणाऱ्या रिस्ट्रिक्ट-फाइल-नेम्स या पर्यायाला ‘विंडोज’ आणि ‘नोकंट्रोल’ ही दोन्ही मूल्ये स्वल्पविरामाने जोडून द्यावीत. ‘नोकंट्रोल’मुळे अक्षरे अखंड राहतात, ‘विंडोज’मुळे पत्त्यातील प्रश्नचिन्हाच्या जागी ॲट-चिन्ह येते, कारण विंडोजला फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. ॲडजस्ट-एक्स्टेन्शनही जोडावे, म्हणजे विस्तारनाम नसलेल्या लेखांना एचटीएमएल हे विस्तारनाम मिळेल आणि विंडोज ते ब्राउझरमध्ये उघडेल. हे सर्व पुन्हा उतरवतानाच करावे लागते, कारण फाइलींची नावे नंतर बदलली तर रूपांतरित दुवे पुन्हा तुटतात.

संपूर्ण नाव टक्क्यांत लिहिणारा ‘आस्की’ पर्याय मात्र मी टाळायला सांगेन. त्यात एका चिन्हाची नऊ अक्षरे होतात, म्हणजे केवळ ‘शेतकरी’ची चोपन्न. विंडोजवर अनेक ठिकाणी पूर्ण मार्गाची मर्यादा अजूनही २६० अक्षरांची आहे, आणि पाच-सहा शब्दांचे मराठी शीर्षक ती एकटेच ओलांडते.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. चित्रांविषयी मी भर घालतो. पानाला लागणारी चित्रे वगैरेही उतरवणारा पेज-रिक्विझिट्स हा पर्याय दिलेला नसेल तर आधी तो द्यावा. चित्रे दुसऱ्या यजमान-पत्त्यावर, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरच्या नावावर असतील, तर इतर सर्व्हरवरही जाऊ देणारा स्पॅन-होस्ट्स देऊन डोमेन्स या पर्यायामध्ये मूळ पत्ता आणि चित्रांचा पत्ता एवढेच लिहावेत, अन्यथा डब्ल्यूगेट भलतीकडे भटकत जाईल. त्यानंतरही चौकटी रिकाम्या राहिल्या, तर पानाचा स्रोत पाहावा. पान सरकवल्यावरच चित्र आणणाऱ्या संकेतस्थळांत खरा पत्ता डेटा-एसआरसी अशा गुणधर्मात ठेवलेला असतो आणि स्क्रिप्ट तो नंतर योग्य जागी हलवते. डब्ल्यूगेट स्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे असे चित्र त्याच्या हाती लागत नाही. मोजकीच पाने असतील, तर ती ब्राउझरमध्ये शेवटपर्यंत सरकवून सिंगलफाइल या ब्राउझरच्या जोड-विस्ताराने (एक्स्टेन्शनने) जतन करावीत. चित्रांसह सारे काही एकाच फाइलीत येते.

शाळेतील संगणक एकमेकांना जोडलेले असतील, तर मी पाने फाइल म्हणून उघडणारच नाही. एका संगणकावर पायथन ही प्रोग्रामिंग भाषा बसवून, संकेतस्थळाच्या नावाच्या फोल्डरमधून तिचा एचटीटीपी-सर्व्हर (इतर संगणकांना पाने पुरवणारा) सुरू केला, की बाकीचे संगणक त्या संगणकाच्या आयपी पत्त्यावर ८००० क्रमांकाच्या पोर्टवरून पाने पाहू शकतात. यात तिरप्या रेघेचा अर्थ पुन्हा ‘संकेतस्थळाच्या मुळापासून’ असाच होतो, आणि फाइलीतून उघडल्यावर सुरक्षेच्या कारणाने ब्राउझर अडवतो त्या स्क्रिप्टही चालतात. शोधपेटी मात्र चालणार नाही, कारण शोधाचे काम मूळ सर्व्हरवर होते.

मराठी विकिपीडियाही हवा असल्यास तो असा उतरवू नये. इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचता येणाऱ्या किविक्स या प्रकल्पाकडे त्याची झिम फाइल (सर्व लेख एकत्र असलेली फाइल) तयार मिळते आणि तिच्यात शोधही करता येतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. ‘नोकंट्रोल’ देऊन काल रात्रभर पुन्हा उतरवले. नावे आता शुद्ध मराठीत दिसतात, एकही फाइल नाकारली गेली नाही, आणि मी हाताने दुरुस्त केलेले चाळीस दुवेही आपोआप योग्य झाले. कापसावरील बोंडअळीच्या लेखातील चित्रे डेटा-एसआरसीमध्येच निघाली. ती नऊ पाने सिंगलफाइलने जतन केली आहेत. सोमवारी प्रयोगशाळेत सर्व्हर सुरू करून पाहीन, आणि शोधपेटी नसल्याने मुलांसाठी पिकांच्या नावांप्रमाणे लेखांची एक सूची स्वतः लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवीन.