मदत हवी आहे: घरून ऑनलाइन स्पेशल एज्युकेशन, मुलगा लॅपटॉपसमोर बसत नाही (इंदूर)

मालव्यातली आई
नमस्कार. मुलासाठी ऑनलाइन स्पेशल एज्युकेशन घेतलं आहे, घरूनच. 'प्रत्येक मुलाप्रमाणे वेगळा अभ्यासक्रम' असं सांगितलं होतं म्हणून घेतलं. पण तो बसतच नाही. लॅपटॉपचं झाकण बंद करतो, नाहीतर टेबलाखाली जातो. टीचर म्हणतात, सवय होईल. पुढच्या तिमाहीची फी सोमवारपर्यंत भरायची आहे आणि रक्कम लहान नाही. भरू की नको? याहून चांगला प्रोग्रॅम कोणाला माहीत आहे का? इंदुरात कोणी असं घरून शिकवलं असेल तर लवकर सांगा, प्लीज.

सुदामानगरकर
ताई, मुलाचं वय किती? निदान काय झालंय? आधी शाळेत जात होता का? एवढं तरी लिहा, नाहीतर जो तो अंदाजाने सांगत बसेल.

पहाटफेरी
माझं स्पष्ट मत आहे, लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही बंद करा. आमच्या शेजारचा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. आईवडिलांनी मोबाइल काढून घेतला आणि तो बोलायला लागला. मुलांना माती हवी, झाडं हवीत. दर रविवारी रालामंडल अभयारण्यात घेऊन जा, फरक दिसेल.

मालव्यातली आई
नऊ वर्षांचा आहे. ऑटिझम. तिसरीपर्यंत जवळच्या इंग्रजी शाळेत होता, मग शाळा म्हणाली आमच्याकडे सोय नाही. बाकी तब्येत ठीक. मी प्रोग्रॅमचं विचारत होते.

विशेष शिक्षिका, बडोदे
पहाटफेरी, उशिरा बोलणारं प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसतं. ऑटिझम मेंदूच्या जडणघडणीतून येतो, मोबाइलमुळे होत नाही. स्क्रीन कमी केल्याने कुठल्याही मुलाची झोप आणि खेळ सुधारतो हे खरं, पण नऊ वर्षांच्या मुलाच्या आईला 'मोबाइल काढा, बरा होईल' म्हणणं म्हणजे सगळा दोष तिच्या पदरात टाकणं आहे.

ताई, प्रोग्रॅमचं नंतर. आधी हे सांगा: बोलतो का, आणि कोणत्या भाषेत? दिवसाला किती तास क्लास असतो? एकट्याचा की गटात? क्लासच्या वेळी त्याच्या शेजारी कोण बसतं? सुरुवातीला मुलाची तपासणी करून काही लेखी योजना दिली होती का?

ओपन स्कूलचा बाबा
एवढ्या चौकशा कशाला? सरळ एनआयओएस करा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. माझ्या मुलीने तेच केलं. शाळेची कटकट नाही, दहावीला विषय पाचच, नापास झालं तरी पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, जास्तीचा वेळ आणि लेखनिकही मिळतो. इंग्रजी-गणिताच्या भीतीने आमचं पोर खचलं होतं, आज बारावी करतंय.

सुदामानगरकर
दादा, मुलगा नऊ वर्षांचा आहे. एनआयओएसच्या दहावीला चौदा पूर्ण लागतात.

ओपन स्कूलचा बाबा
मग त्यांचंच ओपन बेसिक एज्युकेशन आहे की. ए पातळी तिसरीच्या बरोबरीची, बी पाचवीच्या, सी आठवीच्या. ते लहान मुलांसाठीही आहे. मी उगाच सांगत नाही.

विशेष शिक्षिका, बडोदे
आहे, आणि चांगलं आहे. पण ती परीक्षेची वाट झाली. मुलगा आज दुपारी काय शिकणार, हा प्रश्न तिथे सुटत नाही.

रामबागेतला वकील
शाळेने 'सोय नाही' म्हणून हात झटकले, ते आधी बघा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे, किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ला दुरुस्ती झाली, तेव्हा तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्यायही आला. तो पर्याय मुलाचा आहे, शाळेच्या सोयीचा नाही. शाळेने जे सांगितलं ते लेखी मागा. नाव काढून घेऊ नका. समग्र शिक्षा योजनेत घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे, जिला शिक्षा केंद्रात जाऊन विचारा.

मालव्यातली आई
नाव अजून काढलेलं नाही. प्रमाणपत्र आहे, डॉक्टरांनी मध्यम सांगितलं होतं.

बडोद्याच्या ताई: एकेक शब्द बोलतो. 'पाणी', 'चल', 'नको', बसचे नंबर. मराठीत आणि थोडं हिंदीत. क्लास रोज तीन, चाळीस-चाळीस मिनिटांचे, झूमवर, सहा मुलं असतात. टीचर इंग्रजी आणि हिंदी बोलतात. सुरुवातीला एक फॉर्म भरून घेतला होता, तपासणी म्हणजे तेवढंच. नंतर दर शुक्रवारी वर्कशीट येतात, पीडीएफ. मी ऑफिसात असते, मिस्टर पीथमपूरला. क्लासला सासूबाई बसतात.

विजयनगर
इथेच चूक आहे. तीन-तीन भाषांनी मूल गोंधळणारच. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात एकच भाषा ठेवा. आम्ही इंग्रजी ठेवली. पुढे नोकरी-शाळा सगळं त्यातच आहे.

विशेष शिक्षिका, बडोदे
हा सल्ला अजूनही दिला जातो, पण त्याला आधार नाही. दोन भाषांत वाढणारी ऑटिस्टिक मुलं भाषेत एकभाषी ऑटिस्टिक मुलांपेक्षा मागे पडत नाहीत, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. आजी मराठीत बोलते. तिची मराठी बंद केली तर ती इंग्रजी बोलायला लागणार नाही, गप्प होईल. मग दिवसभर त्या मुलाशी बोलणार कोण?

सुदामानगरकर
अवांतर होतंय, पण इंदूरच्या मराठी घरांत आता नातवंडांशी सगळे हिंदीतच बोलतात. आमच्या कॉलनीत गणेशोत्सवात मुलांना एक आरती धड म्हणता येत नाही. आजीशी मराठी बोलणारं मूल म्हणजे...

विजयनगर
आरतीने नोकरी मिळत नाही दादा. ज्याचं मूल त्याला कळतं. आम्ही जे केलं त्याने आमच्या मुलाचा फायदाच झाला.

ग्वाल्हेरची मीनाक्षी
सगळे ऑनलाइनच्या विरोधात बोलताहेत, म्हणून लिहिते. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. रोज व्हीलचेअर घेऊन कुठे जाणं आम्हाला जमत नव्हतं. ऑनलाइननेच तिचं वाचन सुरू झालं. पण आमच्याकडे टीचर एकटीलाच शिकवतात, गट नाही. आणि आठवड्यातला एक तास टीचर मुलीला घेतच नाहीत, मला घेतात. या आठवड्यात काय करून घ्यायचं, हात कुठे धरायचा, कधी सोडायचा, हे मला करून दाखवतात. मी तिच्याबरोबर केलेल्याचा व्हिडिओ पाठवते, त्या बघून सुधारतात. सहा मुलांच्या झूममध्ये माझी मुलगीही बसली नसती.

निवृत्त बँकवाले
निरामय काढलंय का? राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी, एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. थेरपीचा खर्चही त्यात बसतो. बरेच पालक हे करतच नाहीत. यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) करून घ्या.

मालव्यातली आई
काका, धन्यवाद, निरामय नाहीये आमचं, बघते. पण माझा प्रश्न तिथेच आहे. सोमवारी फी भरायची का? तो बसत नाही हो.

विशेष शिक्षिका, बडोदे
कुठेच बसत नाही? की लॅपटॉपसमोर बसत नाही?

मालव्यातली आई
तसा बसतो. सासूबाईंबरोबर मटार सोलायला अर्धा अर्धा तास बसतो. दाणे पातेल्यात, सालं सुपात. एखादं साल पातेल्यात पडलं तर उचलून काढतो. पण ते काही शिक्षण नाही ना.

विशेष शिक्षिका, बडोदे
ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. हेच शिक्षण आहे. जरा लांब लिहिते.

तो अर्धा तास बसतो, दोन प्रकारच्या वस्तू वेगळ्या करतो, चूक झालेली स्वतः ओळखतो आणि दुरुस्त करतो. म्हणजे लक्ष आहे, वर्गीकरण आहे. अडचण लॅपटॉपवरच्या कामात आहे: काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे त्याला दिसत नाही. पातेलं भरलं की मटार संपले, हे दिसतं. चाळीस मिनिटांचं झूम कधी संपणार, हे नऊ वर्षांच्या कुठल्या मुलाला दिसतं? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ पासून 'टीच' नावाची पद्धत चालते, तिचा गाभा हाच आहे. डावीकडे करायचं काम, उजवीकडे झालेलं काम, आणि काम संपल्याचं डोळ्यांना दिसणं.

तर मटारांपासून सुरू करा. मोठ्या दहा कप्प्यांचा ट्रे किंवा अंड्यांचा रिकामा ट्रे कापून घ्या, प्रत्येक कप्प्यात एक दाणा. हे एकास एक जुळवणं. जमलं की कप्प्याखाली अंक. त्याला बसचे नंबर येतात म्हणजे अंकांचे आकार ओळखीचे आहेत, पण 'सात' म्हणजे सात दाणे हे येतं का, ते बघा. हंगाम संपला की शेंगदाणे, बटणं, काहीही. मदत आधी हात धरून, मग बोटाने दाखवून, मग नुसतं बोलून, आणि शेवटी काहीच नाही. आजींना एवढंच सांगा की उत्तर आपण सांगायचं नाही, मनात पाच मोजून थांबायचं.

झाकण बंद करणं म्हणजे तो 'नको' म्हणतोय. त्याच्यासाठी 'थांबू' असं एक चित्रकार्ड करा. ते दाखवलं की दोन मिनिटं सुट्टी, लगेच, प्रत्येक वेळी. सुरुवातीला तो सारखंच दाखवेल, दाखवू द्या. शब्द थोडे आहेत म्हणून 'जेलो' हे ॲपही बघा. आयआयटी मुंबईने केलंय, चित्राला बोट लावलं की आवाज येतो, मराठीतही आहे आणि फुकट आहे.

आता फीचं. सोमवारच्या आधी त्यांना फोन करून हे विचारा. शिकवणाऱ्या बाईंचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? मुलाची तपासणी कोणत्या साधनाने केली? सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेवरच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी नावाची तपासणी यादी बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यात मूल काय स्वतः करतं, काय मदतीने करतं हे एकेक करून लिहितात, दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात, ऐंशी टक्के जमलं की पुढची पातळी. अशी लेखी वैयक्तिक योजना दाखवली तरच 'प्रत्येक मुलाप्रमाणे' या शब्दांना अर्थ आहे. नाहीतर ती फक्त वर्कशीटची टपाल सेवा आहे.

ओपन स्कूलचा बाबा
मटार सोलून दहावी होत नाही, एवढंच म्हणतो. पालकांना खोटी आशा दाखवू नका.

ग्वाल्हेरची मीनाक्षी
दादा, तुमच्या मुलीला लिहिता-वाचता येत होतं, भीती होती. इथे मूल अंक मोजायला शिकतंय. दहावी पाच वर्षांनी. प्रत्येकाची सुरुवात तुमच्या घरासारखी नसते.

ओपन स्कूलचा बाबा
मान्य. पण बी पातळीचं मनात ठेवा, तेवढंच.

पहाटफेरी
मटार सोलणं चाललं, मग माती का नाही? मी तेच म्हणत होतो.

मालव्यातली आई
ताई, फोन केला. नोंदणी क्रमांक दिला त्यांनी, तो ठीक निघाला. तपासणी विचारली तर म्हणाले फॉर्मवरून करतो. योजना मागितली, तर दोन पानं आली. ती आमच्या ग्रुपमधल्या दुसऱ्या आईलाही आली होती, नुसतं नाव बदललेलं. मला फार वाईट वाटलं. गटातला क्लास बंद करतो म्हटलं. मग त्यांनीच सांगितलं की आठवड्याला दोन वेळा फक्त पालकांना मार्गदर्शन, असं पॅकेज आहे, महिन्याची फी, तिमाही नाही. ते आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

पण एक अडचण आहे. मार्गदर्शन इंग्रजीत. सासूबाईंना इंग्रजी येत नाही आणि मी दुपारी घरी नसते. त्या म्हणतात, "मला हिंदीत सांगा, मी सगळं करून घेईन."

ग्वाल्हेरची मीनाक्षी
मग त्यांनाच घेऊ दे क्लास. हिंदीत मागा, टीचरना हिंदी येतेच ना. आमच्या टीचर माझ्या आईशीही हिंदीत बोलतात.

विशेष शिक्षिका, बडोदे
अगदी. दिवसभर जी व्यक्ती मुलाबरोबर आहे, तिला शिकवणं हाच अशा प्रोग्रॅमचा उपयोग आहे. एक महिना भरा. पहिल्याच सत्रात आजींनी मटारांचा व्हिडिओ दाखवावा आणि पुढचं उद्दिष्ट त्यावरून लिहून घ्यावं. बाई म्हणाल्या की ते नको, आमच्या वर्कशीटवरूनच करा, तर पुढच्या महिन्याचे पैसे भरू नका. आणि शाळेतलं नाव काढू नका, वकील दादा बरोबर सांगताहेत.

मालव्यातली आई
महिन्याची भरली. गुरुवारी पाच वाजता सासूबाईंचं पहिलं सत्र आहे, मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आहे. मीनाक्षीताई, तुमच्याकडचे चित्रकार्डांचे फोटो व्यनि (वैयक्तिक निरोप) कराल का? 'थांबू'चं कार्ड कसं काढायचं कळत नाहीये, हाताचा पंजा काढला तर तो टाळी देतो.

ग्वाल्हेरची मीनाक्षी
पाठवते. पंजा नको मग, त्याला आवडणाऱ्या जागेचा फोटो लावा. टेबलाखाली बसतो ना? तोच.